घरी येणारी पॅलिएटिव्ह सेवा खरी की नुसती गोड बोलणारी, हे ओळखायचं कसं?

मीनल_चिंचवड | मंगळवार, रात्री ११:४२

सासरे ७७ वर्षांचे. प्रोस्टेटचा कॅन्सर, आता मणक्यात आणि खुब्यात उतरलाय. मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी फाइल मिटली आणि म्हणाले, "आता यांची इथे यायची दगदग करू नका. पॅलिएटिव्हवाल्यांना गाठा." म्हणजे आजार बरा होणार नसला तरी दुखणं आणि त्रास कमी करणारी सेवा. दोन कार्डं हातात दिली. दोन्हीवर मावळत्या सूर्याचा फोटो. हा सूर्य कोण निवडतं देव जाणे. बाबांच्या नजरेस पडू नये म्हणून मी ती चहाच्या डब्यामागे सरकवलीत.

एक आहे कंपनी. अॅप आहे, महिन्याचं पॅकेज आहे, "चोवीस तास तज्ज्ञ टीम" आहे. दुसरा एक ट्रस्ट. त्यांची सिस्टर आठवड्यातून दोनदा स्कूटीवर येते, डॉक्टर पंधरा दिवसांनी, पैसे ऐच्छिक. तिसरं म्हणजे पुण्यात वारज्याचं सिप्लाचं पॅलिएटिव्ह सेंटर. तिथे पैसे पडत नाहीत हे माहीत आहे, पण बाबा घर सोडायला तयार नाहीत. "गाडी लावायची तर आपल्याच डेपोत," म्हणाले. ३४ वर्षं एस्टीत कंडक्टर होते.

तर प्रश्न असा, की निवडायचं कशावरून? गूगलवर दोघांनाही साडेचारच्या वर तारे. हॉटेलचं ठीक आहे, जेवलेला माणूस बाहेर येऊन तारे देतो. इथे ज्याची सेवा झाली तो सांगायला येत नाही, आणि घरचे तेव्हा इतके दमलेले असतात की कुणी पाठीवरून हात फिरवला तरी पाच तारे देतील. मला नावं नकोत. काय विचारायचं, काय बघायचं ते सांगा.

नणंद नागपूरला असते. तिचं म्हणणं, "इतक्यात हात टेकलेत का तुम्ही?" यावरही कुणाकडे उत्तर असेल तर द्या.

सोनचाफा | मंगळवार, रात्री ११:५८

वाचतेय. आमच्याकडेही तीच वेळ आली आहे.

अण्णा_सांगलीकर | बुधवार, सकाळी ६:१५

पहाटे धागा वाचला, राहवलं नाही म्हणून लिहितो. हे हॉस्पिस (शेवटच्या काळातली सेवा) वगैरे आपल्याकडचं नाही. म्हातारी माणसं घरात जायची, चार माणसं उशाशी असायची, तोंडात गंगाजळ पडायचं. माझ्या थोरल्या भावाचं आम्ही सगळं घरीच केलं. पॅकेज नाही, अॅप नाही. आता मरणालासुद्धा सर्व्हिस प्रोव्हायडर लागतो म्हणजे कमाल आहे.

गवतीचहा | बुधवार, सकाळी ८:४०

अण्णा, "आम्ही केलं" म्हणजे नेमकं कोणी केलं? संडासची भांडी कोणी उपसली, चादरी कोणी धुतल्या, रात्री कोण जागलं? नाव सांगा.

टिनपाट | बुधवार, सकाळी ९:०२

"चोवीस तास सेवा" असं आमच्या सोसायटीचा टँकरवालाही म्हणतो. एवढंच नोंदवून खाली बसतो.

सिस्टर_जे | बुधवार, दुपारी ३:२०

मीनलताई, अकरा वर्षं कॅन्सर वॉर्डात काढली, आता चार वर्षं घरोघरी फिरते. तुम्ही दिलेल्यांपैकी कुणाकडेही मी नोकरीला नाही, म्हणून मोकळेपणाने लिहिते.

पहिल्या भेटीवर लक्ष ठेवा. माझी पहिली भेट सव्वा तासाच्या आत कधी संपत नाही. वीस मिनिटांत बीपी, साखर, ऑक्सिजन बघून, वहीत लिहून, चहा न घेता कुणी निघालं तर ती भेट नव्हे, मीटर रीडिंग. पेशंटला कुशीवर वळवून माकडहाड बघितलं का? टाचा बघितल्या का? तोंडात टॉर्च मारून जीभ पांढरी झालीय का ते पाहिलं का? संडासला कधी झाली हे विचारलं का? हसू नका, आमच्या कामात हा सगळ्यात मोठा प्रश्न आहे. आणि दुखण्याचा आकडा. दहापैकी किती, हे सगळेच विचारतात. पुढच्या भेटीला मागचा आकडा आठवून "परवा सात होतं, आज?" असं विचारणारी सिस्टर शोधा.

दुसरं, सरळ विचारा: "तुमच्याकडे मॉर्फिनच्या गोळ्या आहेत का? संपल्या तर रविवारी काय?" यावर "वेळ आली की बघू" असं उत्तर आलं तर उठा तिथून. वेळ रात्रीच येते, आणि मेडिकलच्या दुकानात ही तीव्र दुखण्यावरची गोळी सहसा मिळत नाही.

तिसरं, दरवेळी नवी सिस्टर येणार का तीच? नवीन आली की पेशंटला पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं. दुखऱ्या माणसाला तेवढी ताकद नसते, मग तो "बरंय" म्हणतो. वहीत "बरंय" लिहिलं जातं.

आणि रात्री फोन उचलणारा माणूस कोण, त्याला तुमच्या पेशंटचं नाव माहीत आहे का, ते विचारा. बाकीचं माफ करता येतं.

डोंबिवली_फास्ट_नाही | बुधवार, संध्याकाळी ७:५५

सिस्टर, वहीवरून आठवलं. आमची आई. एका मोठ्या एजन्सीकडून (नाव घेत नाही, आता भांडायची ताकद नाही) दिवसाची बाई ठेवली होती. डिपॉझिट आधी, पावती नंतर. दर दोन तासांनी कूस बदलायची आणि तक्त्यात सही करायची, असा नियम. तक्ता बघून मी खूश. ११, १, ३, ५, सगळीकडे सही.

एक दिवस ऑफिसातून दीड वाजता अचानक घरी आलो. आई उताणी. तक्ता उचलला तर त्यात ३ आणि ५ च्या सह्या आधीच झालेल्या. त्याच पेनाने, एका दमात. बाई गॅलरीत मोबाइलवर. चादर सरकवली तर माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग, मधे काळपट. तो पुढे भरलाच नाही.

एजन्सीला फोन केला तर म्हणाले, "सर, चार्ट तर अपडेटेड आहे."

तेव्हा सल्ला एवढाच, की कागद बघू नका, पाठ बघा. आणि वेळ सांगून घरी येऊ नका.

पाटीलकाकू | बुधवार, रात्री ९:१०

अगं बाई. वाचून पोटात कालवलं. पण सगळ्या मावश्या तशा नसतात हो. आमच्या सासूबाईंना सांभाळणारी मावशी सासूबाईंच्या तेराव्यालाही आली होती, स्वतःच्या पैशाने पेढे घेऊन. ब्युरोची नव्हती, शेजारणीच्या ओळखीची.

टिनपाट | बुधवार, रात्री ९:१४

तेराव्याला पेढे हे बरोबरच आहे काकू, पण नवीन वाचकाचा गैरसमज होऊ शकतो.

अण्णा_सांगलीकर | गुरुवार, सकाळी ६:०५

मॉर्फिनची एवढी भलामण चाललीय म्हणून विचारतो. अफूच ना ती? सवय लागते, माणूस भ्रमिष्ट होतो आणि दोन दिवसांत जातो. मिरजेला एकाचं डोळ्यांदेखत बघितलंय. गोळी शुक्रवारी सुरू झाली आणि शनिवारी गेला. हे सरळसरळ मारणं नाही का?

उसाचा_फड | गुरुवार, रात्री १०:३०

अण्णा, मी भूलतज्ज्ञ आहे, सातारा भागात. तुमचा प्रश्न रास्त आहे आणि तो रोज ऐकतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हो, अफूपासूनच. नीमच आणि गाझीपूरला सरकारी अफूचे कारखाने आहेत, शेजारच्या मध्य प्रदेशात परवान्याने खसखशीची शेती होते. आणि त्याच देशात कॅन्सरचा पेशंट गोळीवाचून तळमळतो. कारण १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा. गोळी ठेवायची तर चार-पाच परवाने, प्रत्येकाची मुदत वेगळी, एक हातात येईतो दुसरा संपलेला. दवाखान्यांनी कंटाळून ठेवणंच बंद केलं, आणि डॉक्टरांच्या दोन पिढ्या ती गोळी लिहायला न शिकताच बाहेर पडल्या. २०१४ ला कायद्यात दुरुस्ती झाली. आता राज्याच्या औषध नियंत्रकाकडून संस्थेला एकच मान्यता पुरते. म्हणून मीनलताई, तुमचा प्रश्न असा हवा: "तुम्ही मॉर्फिनसाठी मान्यताप्राप्त संस्था आहात का? नसाल तर कुठल्या संस्थेशी जोडलेले आहात?" याला गुळमुळीत उत्तर असू शकत नाही.

आता मिरजेचा पेशंट. गोळी शुक्रवारी सुरू झाली आणि तो शनिवारी गेला, कारण गोळी शुक्रवारपर्यंत लांबवली होती. शेवटच्या दिवशी दिलेल्या कुठल्याही औषधावर हा आळ येतो. लहान मात्रेने सुरू करून, तोंडावाटे, दर चार तासांनी, दुखणं बघत बघत वाढवली तर या गोळीवर माणसं महिनोन् महिने काढतात, नातवाच्या मुंजीत पंगतीला बसतात. चुकीच्या हातात ती धोक्याची आहे, नाही म्हणत नाही. श्वास मंदावू शकतो. म्हणून तर शिकलेला माणूस हवा. पहिले दोन-तीन दिवस गुंगी आणि मळमळ असते, मग सरते. बद्धकोष्ठता मात्र सरत नाही. मॉर्फिनबरोबर पोट साफ व्हायचं औषध लिहून न देणारा डॉक्टर दिसला की समजा, त्याने हे काम फारसं केलेलं नाही. ही माझी आवडती परीक्षा आहे, पाच सेकंदांत निकाल.

नणंदबाईंना सांगा, दुखणं थांबवायला हात टेकावे लागत नाहीत. हाडातल्या दुखण्याला रेडिएशनचा एखादाच डोस देऊनही पुष्कळदा उतार पडतो. चांगली पॅलिएटिव्ह टीम हे स्वतःहून सुचवते. "आता काही करायचं नाही" म्हणणारी टीम असेल तर नणंदेचा संशय बरोबर आहे.

गवतीचहा | गुरुवार, रात्री १०:५१

डॉक्टर, _/\_. आणि अण्णा, माझा प्रश्न अजून तसाच आहे.

जर्सीचा_बाब्या | शुक्रवार, पहाटे ४:२५

इथल्या अनुभवावरून. न्यू जर्सीत सासूबाई वर्षभर हॉस्पिसवर होत्या. इथे मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) हा खर्च उचलतं. दोन डॉक्टरांनी लिहून द्यावं लागतं की आजार आपल्या वाटेने गेला तर सहा महिन्यांच्या आत माणूस जाईल. पुढे जगला तर पुन्हा तपासून मुदत वाढते. सगळ्या हॉस्पिसची तुलना करायला सरकारी वेबसाइट आहे, नातेवाइकांकडून नंतर प्रश्नावली भरून घेतात, तारे देतात. मीनलताईंच्या गूगलचंच थोरलं भावंड. आम्ही ताऱ्यांवरून निवडलं आणि पस्तावलो. पहिल्या महिन्यात फुलं, टेडी, पियानो वाजवणारा स्वयंसेवक. सासूबाईंना पियानोत काडीचा रस नव्हता, त्यांना कुणीतरी वेणी घालून हवी होती.

पण त्या वेबसाइटवर एक आकडा कामाचा निघाला. शेवटच्या तीन दिवसांपैकी किमान दोन दिवस नर्स किंवा समाजसेविका प्रत्यक्ष घरी आली का, याची टक्केवारी. दुसरी संस्था आम्ही त्यावरून शोधली. तिथे पियानो नव्हता. शेवटच्या तीन दिवसांत नर्स तिन्ही दिवस आली. भारतात हा आकडा कोणी छापत नसेल, पण विचारता येईल: "शेवटच्या दिवसांत तुमच्या फेऱ्या वाढतात का तेवढ्याच राहतात?"

बेळगावी_कुंदा | शुक्रवार, सकाळी ९:३०

चला, अमेरिका आली. धागा आता पन्नाशी गाठणार.

माशेलकार | शुक्रवार, सकाळी ११:१२

गोंयांतल्या लोकांसाठी: लोटलीला शांती आवेदना सदन आहे. मूळ मुंबईत बांद्र्याचं, १९८६ चं, देशातलं पहिलं हॉस्पिस. कॅन्सरच्या पेशंटांसाठी, फुकट. घरीच ठेवायचा हट्ट सगळ्यांना झेपत नाही हेही लिहायला हवं. माझी मावशी दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, जखमेला वास, शेजारी नाक दाबायचे, तिची तिलाच लाज. पट्टी करताना जखमेवर मेट्रोनिडाझोलच्या गोळीची पूड भुरभुरतात, वास जातो, हे आम्हाला कोणी तीन महिने सांगितलं नाही. शेवटी दुसऱ्या एका सेंटरच्या सिस्टरने पहिल्याच दिवशी करून दाखवलं. दोन रुपयांची गोळी. मावशीने दोन दिवसांनी खिडकी बंद करायला सांगितली, म्हणाली आता थंडी वाजते. तीन महिने तिने ती उघडी ठेवायला लावली होती.

सिस्टर_जे | शुक्रवार, दुपारी २:४५

खिडकीचं वाचून थांबले जरा. ही पूड माझ्या पिशवीत कायम असते. मीनलताई, पहिल्या भेटीत पिशवी उघडली की तुम्हीही डोकावा. गॉज, मेट्रोनिडाझोल, कॅथेटर, तोंड पुसायचं साहित्य असेल तर काम करणारी पिशवी आहे. बीपीचं मशीन आणि माहितीपत्रकं असतील तर दुसरी.

वकील_वाडा | शुक्रवार, दुपारी ४:००

कोणी लिहिलं नाही म्हणून कोरडा पण महत्त्वाचा मुद्दा. घरी मृत्यू झाला तर मृत्यूच्या कारणाचा वैद्यकीय दाखला लागतो, नमुना ४अ. तो शेवटच्या आजारात उपचार करणारा डॉक्टर देतो. त्याशिवाय स्मशानात अडतं आणि पुढे नोंदणीलाही. आमच्या ओळखीत फॅमिली डॉक्टर म्हणाले, "मी सहा महिन्यांत पाहिलं नाही, मी कशी सही करू?" त्यांचंही चूक नाही. पण पहाटे पाचला त्या घराने चार डॉक्टरांची दारं वाजवली. सेवा घेतानाच विचारून ठेवा: "दाखला तुमचे डॉक्टर देतील का? रात्रीसुद्धा?" विचारायला जीभ रेटत नाही, पण विचारा.

हेमा_ठाणे | शुक्रवार, संध्याकाळी ६:२०

वकीलसाहेब, लिव्हिंग विलचंही सांगा ना, शेवटी कोणते उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवतात ते. ते आता सोपं झालंय ना?

वकील_वाडा | शुक्रवार, संध्याकाळी ६:४४

२०१८ ला सुप्रीम कोर्टाने मान्यता दिली, पण पद्धत इतकी किचकट की कोणी वाटेला जाईना, न्यायदंडाधिकाऱ्याची सही वगैरे. जानेवारी २०२३ ला सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. ज्याचं मत आहे तो शुद्धीत असतानाच करायचं, हे ओघाने आलं.

हेमा_ठाणे | शुक्रवार, संध्याकाळी ६:५१

आमच्या ह्यांना म्हटलं तर म्हणाले, आधी सोसायटीचं नॉमिनेशन कर.

व्यवस्थापक | शुक्रवार, रात्री ८:००

लिव्हिंग विलची चर्चा वेगळ्या धाग्यावर करावी. इथे मूळ प्रश्नावर राहा.

कोझिकोडे_जावई | शनिवार, सकाळी १०:१५

मूळ प्रश्नावरच आहे. बायको केरळातल्या कोझिकोडेची. तिथे १९९३ पासून हे काम सुरू आहे आणि पुढे ते गल्लीगल्लीत गेलं. सासऱ्यांकडे नर्सबरोबर जो स्वयंसेवक यायचा, तो मासळीबाजारात बर्फ विकायचा. तांदूळ संपलेत का, नातवाची फी भरली का, हेही बघायचा. इकडे आपण सेवा निवडताना गिऱ्हाईक असतो. तिकडे ती सेवा आपल्याच आळीतली असते, वाईट काम झालं तर मशिदीत नाहीतर रेशनच्या रांगेत तोंड दाखवावं लागतं. माझ्या मते दर्जाची हमी तीच. म्हणून ट्रस्ट स्थानिक असेल तर मला ती स्कूटीवाली सिस्टर बरी वाटते.

डोंबिवली_फास्ट_नाही | शनिवार, सकाळी १०:४०

हे पटत नाही. ट्रस्ट म्हटलं की आपण तक्रारच करत नाही. फुकटच्या गाईचे दात कसे मोजायचे? पैसे घेणाऱ्याला निदान जाब विचारता येतो.

टिनपाट | शनिवार, सकाळी १०:४४

विचारलात की तुम्ही. चार्ट अपडेटेड होता.

मीनल_चिंचवड | पुढचा रविवार, रात्री १०:०५

सगळ्यांचे आभार, उत्तर द्यायला वेळच झाला नाही. झालेलं सांगते. त्यातलं एक सांगायला लाज वाटतेय.

दोघांकडे नाव नोंदवायच्या आधी मी रात्री पावणेदोनला दोघांनाही फोन केले. खोटे. "बाबांना फार दुखतंय" म्हणून. कंपनीकडे दुसऱ्या रिंगला उचलला. मुलगी फार गोड बोलली, माझं टिकीट रेज केलं, नंबर मेसेजवर आला. फोन आला सकाळी नऊ वीसला, आणि "मॅम, सध्या पॅकेज अॅक्टिव्ह दिसत नाहीये" असा. ट्रस्टकडे कोणी उचलला नाही. मी मनातल्या मनात त्यांना काट मारली. पंचवीस मिनिटांनी उलटा फोन. झोपेतला आवाज. "मी सिस्टर बोलतेय. काकांचं नाव सांगा. दुखणं कुठे आहे, दहापैकी किती? शेवटची गोळी कोणती, कधी दिली?" एवढं सगळं विचारल्यावर मला खोटं पुढे रेटवेना. सांगून टाकलं की परीक्षा घेत होते. ती दोन सेकंद गप्प. मग म्हणाली, "पास का नापास?"

आणि मग जे म्हणाली त्यावर मी ठरवलं. म्हणाली, "ताई, आम्ही रात्री घरी येत नाही. माणसं नाहीत आमच्याकडे. मी फोनवर असेन, आणि रात्री काय करायचं ते दिवसा येऊन तुम्हाला शिकवीन." चोवीस तासवाल्यांनी हे सांगितलं नव्हतं. येत तेही नाहीत.

पहिल्या भेटीला ती एक तास चाळीस मिनिटं होती. (सिस्टर_जे, मी घड्याळ लावलं होतं.) पाठ, टाचा, तोंड, संडास, सगळं झालं. मग विचारलं, "काका, रात्री कधी दुखतं?" आम्ही तिघंही एकदम बोललो, रात्री झोपतात ते, रात्रीचं काही नाही. तिने आमच्याकडे न बघता हात वर केला, "मी काकांना विचारतेय." बाबा बराच वेळ छताकडे बघत होते. म्हणाले, "पावणेतीनला सुरू होतं. साडेपाचला दूधवाला येतो तोवर." महिनाभर ते अंधारात न कण्हता पडून होते. आम्ही उठू नये म्हणून. मी त्याच खोलीच्या दाराशी झोपते.

डॉक्टर दुसऱ्या दिवशी आले, मॉर्फिन सुरू केलं, पोट साफ व्हायचं औषध त्याच कागदावर (उसाचा_फड, पास). झोपताना दुप्पट मात्रा देतात म्हणजे रात्री मधे उठवायला लागत नाही. रेडिएशनचंही त्यांनीच काढलं, मंगळवारी जायचंय.

गोळ्यांचा तक्ता सिस्टरने माझ्या हातात द्यायला घेतला, तर बाबा म्हणाले, "इकडे आणा, हे माझं काम." फूटपट्टी मागितली, रेघा मारल्या. वेळ, गोळी, देणाऱ्याची सही. आणि शेवटी कंडक्टरच्या वेबिलासारखे दोन रकाने: चढलं, उतरलं. पावणेतीनच्या ओळीत तीन रात्री झाल्या, रेघ आहे.

नणंद काल आली. तक्ता वाचला, काही बोलली नाही. आज सकाळी सहाची गोळी तिने दिली, सही केली, बाबांनी सही वाचता येत नाही म्हणून परत करायला लावली.

सिस्टर_जे | रविवार, रात्री १०:३८

छान झालं. आता जरा रागावते. लोकहो, हे वाचून रात्री खोटे फोन लावू नका. त्या पंचवीस मिनिटांत ती दुसऱ्या कुणाशी तरी बोलत असणार. दिवसा विचारा: "काल रात्री किती फोन आले, कोणी घेतले?" खरं काम करणारी व्यक्ती आकडा सांगते, शिवाय जांभईही देते.

मीनल_चिंचवड | रविवार, रात्री १०:४५

मान्य. तिची माफी मागितली आहे. तिने लिंबाचं लोणचं मागितलं भरपाई म्हणून.

डोंबिवली_फास्ट_नाही | रविवार, रात्री ११:०२

माझं मत अजून तेच आहे, पण तुमच्या बाबांच्या तक्त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

अण्णा_सांगलीकर | सोमवार, सकाळी ५:५०

पावणेतीनचं वाचलं. माझा भाऊ तीन महिने रात्री भिंतीकडे तोंड करून पडायचा. आम्हाला वाटायचं शांत आहे. गवतीचहा यांना उत्तर: वहिनीने केलं. ती ८१ वर्षांची आहे, आज फोन करणार आहे. सेंटरबिंटरचं अजून मला पटलेलं नाही, ते वेगळं.

गवतीचहा | सोमवार, सकाळी ८:१५

जरूर करा अण्णा. आणि आधी तब्येत विचारा.

मीनल_चिंचवड | सोमवार, रात्री ११:३०

एक बारीक शंका. अल्फा बेडचा (पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून असते ती हवेची गादी) पंप जमिनीवर ठेवलाय (बाबांचा लाकडी दिवाण आहे, अडकवायला दांडाच नाही). रात्रभर फरशी घरघरते. बाबा म्हणतात चढावर गाडी दुसऱ्या गिअरला आहे असं वाटतं. खाली काय ठेवता?

पाटीलकाकू | सोमवार, रात्री ११:३६

जुन्या गोधडीची चौपदरी घडी. भिंतीपासून वीतभर लांब.

अण्णा_सांगलीकर | मंगळवार, सकाळी ५:४५

गोधडीच्या खाली ट्रकच्या ट्यूबचा तुकडा टाका. पंक्चरवाला फुकट देतो.

मीनल_चिंचवड | मंगळवार, सकाळी ७:२०

गोधडी रात्रीच घातली, आवाज निम्मा झाला. रेडिएशनला निघतोय. ट्यूब येताना आणतो.